‘जरा थांबा’ म्हणता येईल अशी सहल

रत्नागिरी ते गुहागर : किनारी रस्त्याने, लहान गटासोबत, एक दिवस

दिवाळी सरली, हवेत थोडा गारवा आला, की आईवडिलांना एकदा समुद्र दाखवून आणावा, मुलांनाही मोकळी हवा मिळावी, असा विषय बहुतेक घरांतून निघतो. मग दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे घरची गाडी काढणे. यात घरातील एका माणसाचा संपूर्ण दिवस चाक हातात धरून वळणांकडे पाहण्यात जातो, दुसऱ्याचा रस्ता विचारण्यात आणि घरच्या गृहिणीचा डबे, औषधे व टॉवेल मोजण्यात. दुसरा पर्याय म्हणजे चाळीस-पन्नास जणांची मोठी बस. तेथे जागा, जेवण, वेळा सारे ठरलेले असते आणि त्या वेळांमागे धावता धावता समुद्र खिडकीतून निघून जातो.

या दोहोंच्या मधला, अलीकडे कोकणात रुळू लागलेला एक मार्ग आहे : आठ-दहा, फार तर बारा माणसांचा गट, एक टेम्पो ट्रॅव्हलर, त्या पंचक्रोशीतला एक माहितगार वाटाड्या आणि एकाच दिवसाचा प्रवास. तो सोयीचा आहे हे उघडच आहे. परंतु या पाक्षिकाच्या वाचकांना त्याची शिफारस करावीशी वाटते ती वेगळ्या कारणासाठी. अशा लहान गटात, घरच्या ज्येष्ठांना आणि मुलांना, ‘जरा थांबा’ असे म्हणता येते. हे शब्द उच्चारता न आल्यामुळे प्रवासात किती दुखणी ओढवतात, याची आपल्याला सहसा कल्पना नसते.

न प्यालेले पाणी

आपल्या घरातील साठीपुढच्या स्त्रीला प्रवासाच्या दिवशी सकाळपासून किती पाणी प्यालीस, असे एकदा विचारून पाहावे. उत्तर बहुधा ‘चहा झाला आहे’ एवढेच येईल. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, मिळाले तर ते वापरण्याजोगे असेल की नाही, आणि आपल्या एकटीसाठी सारी गाडी थांबवायची कशी, या तीन काळज्यांवर तिने आपल्यापुरता तोडगा काढलेला असतो : पाणीच प्यायचे नाही. पुरुषही यात मागे नाहीत. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी ज्यांना लघवी वाढवणारी, घरगुती भाषेत ‘पाण्याची’, गोळी चालू असते, त्यांपैकी अनेक जण सहलीच्या दिवशी ती गोळी कुणाला न सांगता वगळतात. पुरःस्थ ग्रंथी वाढलेले आजोबा खिडकीशी बसून निमूटपणे मैलाचे दगड मोजत राहतात.

याचे परिणाम क्षुल्लक नसतात. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी कमी पडत असूनही ज्येष्ठांना तहान लागत नाही. त्यात कोकणची हवा दमट. घाम येतो, पण तो लवकर वाळत नाही आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. रत्नागिरीत तर ऐन हिवाळ्यातही दुपारी पारा तिशी ओलांडतो. सकाळपासून पाणी न प्यालेली व्यक्ती अशा हवेत दोन तास बसून एकदम उठली, की उभे राहताच रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पाय पायरीवरून घसरतो. सहलीत माकडहाड दुखावले वा मनगट मोडले, की आपण त्या पायरीला दोष देतो. बऱ्याचदा खरे कारण त्या दिवशी सकाळी भरलेलाच राहिलेला पाण्याचा तांब्या हे असते. लघवी रोखून धरल्याने होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग तर घरी परतल्यावर दोन दिवसांनी डोके वर काढतो, तेव्हा सहलीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

म्हणून सहल ठरवताना आयोजकाला विचारायचा पहिला प्रश्न ‘जेवणात काय’ हा नसावा. गाडी किती वेळाने थांबेल आणि जेथे थांबेल तेथील स्वच्छतागृह कसे आहे, हा असावा. तेथे कमोड आहे का, हेही संकोच न करता विचारावे. गुडघे गेलेल्या माणसाच्या दृष्टीने त्या उत्तरावर अख्खा दिवस अवलंबून असतो. जो वाटाड्या खरोखर त्या रस्त्याचा असतो, त्याला कोणत्या घरगुती खानावळीची मोरी स्वच्छ आहे, कोणत्या देवस्थानाची सोय सकाळी चांगली आणि दुपारी नकोशी असते, हे पाठ असते. उत्तर देताना जो चाचरतो, त्याने तो रस्ता नकाशावर पाहिला आहे असे समजावे. पाण्याच्या गोळीबाबत मात्र निर्णय आपण घेऊ नये. ती वगळण्याऐवजी त्या दिवसापुरती तिची वेळ पुढेमागे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना दोन दिवस आधी विचारावे. बहुतेकदा त्यातून मार्ग निघतो.

गाडीची पायरी जमिनीपासून किती उंच आहे, आणि चढताना लाकडी वा प्लास्टिकचा छोटा पाट ठेवतात का, हा दुसरा प्रश्न. वाटेवरचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे हे वाटाड्याला माहीत आहे का, हा तिसरा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात सर्वत्र बोलावता येते, परंतु सड्यावरच्या एखाद्या वळणावर आपण नेमके कोठे आहोत हे सांगणारा माणूसही सोबत असावा लागतो.

एवढे झाले, की रस्त्याकडे वळावे.

रस्ता

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेड्डीपर्यंत सारा किनारा एका रस्त्याने जोडण्याची कल्पना जुनी. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. तो सागरी मार्ग आजही सलग नाही. कोकणची प्रत्येक नदी समुद्राला मिळताना मोठी खाडी करते आणि तेथे रस्ता तुटतो. खाड्यांवर पूल उभारण्याची कामे हाती घेतली गेली आहेत, पण तोवर काही ठिकाणी गाडीसकट फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. घाई असलेल्याला हा अडथळा वाटेल. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर ती सक्तीची विश्रांती आहे आणि या रस्त्यावरची ती सर्वांत चांगली विश्रांती ठरते.

रत्नागिरी ते गुहागर हा या मार्गाचा एक तुकडा. शिरगाव-साखरतरची खाडी ओलांडून काळबादेवी, आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे, मालगुंड असे करत जयगडला यायचे, तेथून फेरीबोटीने शास्त्री नदीच्या मुखापलीकडे तवसाळला उतरायचे आणि हेदवी, वेळणेश्वरवरून गुहागर गाठायचे. एकेरी अंतर शंभर किलोमीटरच्याही आतलेच, पण दिवसभराला ते पुरेपूर आहे. जाहिरातींतून याच एका दिवसात थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, मत्स्यालय आणि परतीचा प्रवासही कोंबलेला आढळतो. अशा यादीपासून दूर राहावे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाने १९१६ पर्यंत जेथे दिवस काढले तो वाडा पाहण्यासारखा आहेच, परंतु तो आदल्या दिवशी पाहावा.

आदल्या दिवशी पोहोचण्याला आणखीही एक कारण आहे. मुंबई-पुण्याहून रात्रभर बसून आलेल्या माणसाने सकाळी अंघोळ उरकून पुन्हा दिवसभर गाडीत बसू नये. चार तास वा त्याहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडला होता. मुळात हा धोका लहान आहे, निरोगी माणसाने घाबरून जावे असे त्यात काही नाही. मात्र ज्यांच्या शिरा फुगलेल्या आहेत, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, वजन फार आहे किंवा पूर्वी एकदा गुठळी झाली आहे, त्यांनी मधे एक रात्र आडवे होऊन झोपलेच पाहिजे. गाडीत बसल्या बसल्या टाचा उचलणे, चवडे वर ओढणे, घोटे गोल फिरवणे हे दर अर्ध्या तासाने सर्वांनीच करावे. वाटाड्याने सुरुवात केली, की मुलांना त्यात मौज वाटते आणि आजोबांनाही अवघडल्यासारखे होत नाही.

सकाळी सातच्या सुमारास निघालेली गाडी काळबादेवीची सुरूची बने मागे टाकून आरे-वारेच्या घाटीला लागते. हीच या वाटेवरची सर्वांत देखणी जागा. मधे समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन पुळणी. सकाळची उन्हे डोंगराच्या पाठीमागून येत असल्याने पाणी डोळ्यांना खुपत नाही, रंग खरे दिसतात. येथे वीस मिनिटे तरी उतरावे. केवळ छायाचित्र काढून परत गाडीत चढण्यात काही अर्थ नाही.

निसर्गाच्या सान्निध्याने आरोग्य सुधारते का, याविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकंदर १२० मिनिटे वा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि मनःस्वास्थ्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले, असे त्यात आढळले. त्यातले कारण कोणते आणि कार्य कोणते, हे अशा पाहणीतून ठरत नाही, कारण ज्यांची प्रकृती ठीक असते तेच अधिक बाहेर पडतात, असेही असू शकेल. तेव्हा समुद्राच्या हवेने दमा बरा होतो, खाऱ्या वाऱ्याने थायरॉइड सुधारतो, असल्या दाव्यांकडे दुर्लक्ष करावे. दम्याचा पंप आणि थायरॉइडची गोळी पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवावी.

गाडी लागते त्यांच्यासाठी

हीच घाटी अनेकांच्या पोटाची परीक्षा घेते. ‘गाडी लागणे’ हा काही मनाचा कमकुवतपणा नव्हे. आपल्या अंतःकर्णात तोल सांभाळणारी द्रवभरली यंत्रणा आहे. वळणागणिक ती मेंदूला सांगते, की शरीर हलते आहे. त्याच वेळी मोबाइलवर वा समोरच्या आसनाच्या पाठीवर खिळलेले डोळे सांगतात, की सारे स्थिर आहे. या दोन साक्षींत विसंगती आली, की मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो.

उपाय कारणातच दडलेला आहे : डोळ्यांनाही हालचाल दिसू द्यावी. पुढची जागा, समोरची काच आणि दूरवरचे क्षितिज. किनारी रस्त्यावर क्षितिज सदैव हजर असते, ही येथली मोठी सोय. मुलांच्या हातचा मोबाइल या एका तासापुरता तरी काढून घ्यावा. न्याहारी टाळू नये, पण ती हलकी असावी. दोन घावन किंवा मऊ भात चालेल, तळलेले वडे नकोत. आल्याच्या तुकड्याने काहींना उतार पडतो, करून पाहण्यात तोटा नाही. गोळी घ्यायची असेल तर ती निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू वा पुरःस्थ ग्रंथीचा विकार असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. एरवी किरकोळ समजली जाणारी ही गोळी त्यांची लघवी अडवू शकते.

लहान गटात पुढची जागा आळीपाळीने बदलता येते. मोठ्या बसमध्ये ती ज्याने आधी पैसे भरले त्याची असते.

तापलेली फरशी आणि भरलेला समुद्र

गणपतीपुळ्याच्या नावातच पुळण आहे. येथे डोंगरालाच देवाचे रूप मानलेले असल्याने प्रदक्षिणा देवळाला न घालता सबंध टेकडीला घालतात. ही वाट साधारण एक किलोमीटरची, बांधीव, काही ठिकाणी चढउताराची. सकाळी नवाच्या आत ती चालली तर चांगला व्यायाम होतो आणि एका बाजूने समुद्रही दिसत राहतो. अकरानंतर मात्र पायांखालचा दगड तापू लागतो. मधुमेह जुना झालेल्या व्यक्तींच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते. चटका बसतो आहे हे त्यांना कळतच नाही आणि संध्याकाळी तळव्याला फोड आलेला दिसतो. अशा फोडाची जखम महिनोन्महिने भरत नाही. त्यांनी जाड सुती मोजे घालूनच प्रदक्षिणा करावी, किंवा ऊन असेल तर देवळातूनच हात जोडावेत. भक्तीला त्याने उणेपणा येत नाही. रात्री मुक्कामी दोन्ही तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत.

पुळणीवर जावे, पावले भिजवावीत, पण पाण्यात पोहणे हा या सहलीचा भाग नसावा. गणपतीपुळ्याच्या समुद्रात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतच असतात, आणि त्यांत पोहता येणारेही असतात. किनारा लवकर खोल होतो. फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारत राहतो आणि दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून त्या पट्ट्याबाहेर पडणे हाच मार्ग असतो, परंतु घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. म्हणून गुडघ्यापुढे पाणी नको. वाटाड्या ‘आज नाही’ म्हणाला, तर पावले भिजवणेही नको.

वाटाड्याची खरी परीक्षा येथेच होते. त्याला भरती-ओहोटीचे गणित यावे लागते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हे तोंडी येत असे : तिथीला तीनने गुणावे, चाराने भागावे, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बारा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. त्याच्या आधी आणि नंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. घटकाभर इकडेतिकडे होते, पण बेत आखायला एवढे पुरते. आपल्या दिनदर्शिकेवर तिथी छापलेली असतेच. मुलांना हे गणित घरीच करायला द्यावे आणि किनाऱ्यावर ताडून पाहायला सांगावे.

या गणिताने एक गोष्ट सहज कळते. संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, गणपतीपुळ्यात पाऊल ठेवायला जागा नसते आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, दर्शन आटोपून माणसे किनाऱ्यावर उतरतात तेव्हा, समुद्र भरत आलेला असतो. ज्येष्ठांना आणि मुलांना घेऊन येण्यासाठी हा दिवस निवडू नये.

सावलीतली दुपार

गणपतीपुळ्यापासून दोनेक किलोमीटरवर मालगुंड आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचा जन्म १८६६ मध्ये येथला. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांच्या घराचे स्मारक जतन केले आहे. आधुनिक मराठी कवितेचा हा आरंभबिंदू असल्याने तेथे जावेच, पण या लेखापुरते आणखी एक सांगायचे तर उतरते छप्पर, शेणाने सारवलेली जमीन आणि भोवतालची झाडी यांमुळे उन्हाच्या वेळी हे घर कमालीचे शांत व गार असते. अकरा ते बारा हा वेळ येथे घालवावा. नातवंडांना पाठ्यपुस्तकातल्या नावाचे घर पाहायला मिळते, आजीला टेकायला मिळते.

जेवण घरगुती खानावळीत असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. वेळ मात्र साडेबारा-एकच्या पुढे जाऊ देऊ नये. मधुमेहासाठी इन्शुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उशिराचे जेवण धोक्याचे असते. हात थरथरणे, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे ‘ऊन लागले’ म्हणून सोडून दिली जातात. त्यांच्या खिशात खडीसाखर असावी आणि ती कशासाठी आहे हे गटातल्या आणखी एकाला तरी माहीत असावे. पानात उकडीचा मोदक येणारच. एक खावा, त्याबरोबर भात कमी घ्यावा. कोकम सरबतात साखर पुष्कळ असते. सोलकढी त्याहून बरी, मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी तिच्यातल्या मिठाचा अंदाज घेऊन वाटी दुसऱ्यांदा पुढे करावी. मासे खाणाऱ्यांनी ताजे आहेत का हे विचारावे. खानावळवाली बाई खरे उत्तर देते.

जेवणानंतर एक तास पडवीत आडवे होण्याची सोय ज्या सहलीत असेल ती निवडावी. कार्यक्रमपत्रिकेत हा तास ‘विश्रांती’ म्हणून छापलेला नसतो, मागून घ्यावा लागतो. बारा जणांत एकाने मागितला, की बाकीचे अकरा आनंदाने होकार देतात.

खाडीपलीकडे

मालगुंडनंतर रस्ता समुद्र सोडून सड्यावर चढतो. जांभ्या दगडाचे हे उघडे माळ हिवाळ्यात रुक्ष दिसतात. जयगडचा किल्ला खाडीच्या मुखावर उभा आहे. गाडी दरवाजापर्यंत जाते आणि आतली बरीचशी जमीन सपाट आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांना पाहता येण्याजोग्या थोड्या किल्ल्यांत त्याची गणना करता येईल. तटावर चढण्याचा मोह मात्र तरुणांनीच करावा. पायऱ्यांना कठडा नाही. जवळच समुद्रकाठी कऱ्हाटेश्वराचे प्राचीन देवालय आहे. खाऱ्या पाण्याच्या इतक्या जवळ तेथे गोड्या पाण्याचा झरा वाहतो. तेथे उतरायला पायऱ्या आहेत, त्या मोजूनच खाली जायचे की वरूनच पाहायचे ते ठरवावे. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा अधिक भार येतो, हे पुष्कळांना खाली पोहोचल्यावर कळते.

मग फेरीबोट. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो, म्हणून ज्येष्ठांनी गाडीत बसूनच बोटीवर यावे आणि बोट सुटल्यावर खाली उतरावे. दहा-पंधरा मिनिटांचाच हा प्रवास, परंतु दिवसभरातली ही पहिलीच वेळ असते, की कुणालाच काही करायचे नसते. चालकालाही नाही. एका बाजूला जयगडचा तट, समोर तवसाळची झाडी, वर घारी. बोटीच्या कठड्याला टेकून उभी असलेली घरची गृहिणी औषधांची पिशवी खाली ठेवते ती बहुधा येथेच.

तवसाळहून हेदवी फार दूर नाही. दशभुजा गणेशाचे मंदिर शांत आहे, पण लोकांना ओढ असते ती बामणघळीची. खडकातील अरुंद भेगेत भरतीचे पाणी घुसते आणि कारंज्यासारखे वर उसळते. ते पाहायचे तर तिथीचा हिशेब पुन्हा लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी जोराने उसळते, पण भरती दुपारी बाराच्या सुमारास. त्या दिवशी सहल उलटी, गुहागरकडून सुरू करावी. संध्याकाळी ओहोटीने रुंद झालेली पुळण गणपतीपुळ्याला मिळते. षष्ठी-सप्तमीला भरती साडेचार-पाचला येते, तेव्हा रत्नागिरीहून निघालेला गट वेळेवर पोहोचतो, परंतु ते दिवस भांगाकडे झुकणारे असल्याने पाणी बेताचेच उसळते. ज्येष्ठ आणि मुले बरोबर असतील तर हा बेतशीर दिवसच बरा. घळीपाशी दोन्ही दिवशी लांबूनच उभे राहावे. ओला खडक आणि अनपेक्षित मोठी लाट यांपुढे सावधपणाचे काही चालत नाही.

वेळणेश्वरला न थांबता पुढे गेले तरी चालते. गुहागरची लांब पुळण मात्र सोडू नये. येथे ओली, दबलेली वाळू चालायला घट्ट असते. कोरड्या वाळूत पाऊल रुतते आणि घोट्याला व पोटऱ्यांना ओढ बसते, म्हणून पाण्याच्या कडेने, चपला हातात न घेता पायात ठेवूनच, अर्धा तास सावकाश चालावे. शिंपल्यांची धार अनवाणी पायाला लागते. सुरूच्या बनातून वारा येत असतो, अंधार चटकन पडतो. मुक्काम गुहागरलाच ठेवावा. रात्री परतीचा घाट नको. सकाळी चिपळूणचे रेल्वेस्थानक सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. झोपण्यापूर्वी सर्वांनी दोन पेले पाणी प्यावे, पाय उशीवर उंच ठेवावेत, आणि सकाळी वगळलेली गोळी कुणाची राहून गेली नाही ना, एवढे विचारून घ्यावे.